ऑनलाइन लिलावातली 'शिवकालीन' तलवार: बोली लावायच्या आधी काय काय बघायचं

ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं लिंक पाठवत असतं, "हे बघ, ओरिजिनल शिवकालीन तलवार, लिलाव संपायला दोनच दिवस राहिलेत, घेऊ का?" आणि फोटोत लाल मखमलीचं म्यान, पितळी मूठ, पात्यावर अ‍ॅसिडने काढलेला हत्ती आणि शिकारी. असला माल एका नजरेत कळतो, ती लग्नात नवरदेवाच्या हातात द्यायची तलवार असते, तिच्यावर शब्द वाया घालवायला नकोत. खरा घोळ त्याच्या वरच्या मालात आहे. जुनं पातं नवीन मूठ, साध्या जुन्या तलवारीवर गेल्या वर्षी चढवलेलं सोनं, किंवा वस्तू खरी पण दहा हजाराची आणि मागतायत दीड लाख. यात चांगले वाचलेले, गडकिल्ले फिरलेले लोक पण फसतात, कारण त्यांना इतिहास माहीत असतो, लोखंड माहीत नसतं.

मागच्या दोन-तीन वर्षांत हा बाजार एकदम तापला त्याला कारणं आहेत. जुलै २०२४ ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात. मग एप्रिल २०२५ ला नागपूरकर भोसल्यांच्या पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती घेतली, वाहतूक विमा वगैरे सगळं धरून ४७.१५ लाख. बातम्या झाल्या, सत्कार झाले, आणि पुढच्याच आठवड्यात ज्याच्या माळ्यावर गंजकी तलवार आहे त्याला वाटायला लागलं आपल्याकडे पन्नास लाख पडलेत. विकणाऱ्यांनी पण लगेच किमतीपुढे एक शून्य वाढवलं. त्या तलवारीचे पैसे कशाचे होते ते नीट बघा की, पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरात मालकाचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब आहे, पातं युरोपातून आलेलं आहे, आणि तिच्या मागे जाहीर लिलाव आणि छापील कॅटलॉग आहे. तुमच्या लिंकमधल्या तलवारीकडे यातलं काय आहे हे आधी विचारायचं.

टिपूचं पण तसंच. मे २०२३ मध्ये त्याची शयनकक्षातली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, म्हणजे जवळजवळ १४० कोटी रुपये. पुढच्याच वर्षी त्याच्याच नावाशी जोडलेली, वाघाच्या पट्ट्यांची दुसरी तलवार तीन लाख पौंडांच्या थोडं वर गेली. राजा तोच, शहर तेच, लिलावगृह पण तेच, आणि फरक चाळीस पटीचा. म्हणून "टिपूची तलवार १४० कोटींना गेली, ही त्याच काळातली आहे, दोन लाख काहीच नाहीत" असं कोणी म्हणालं की समजायचं हा माणूस तुम्हाला तलवार दाखवत नाहीये, बातमी दाखवतोय.

तर पहिलं काम, वर्णन वाचायचंच नाही. फोटो आधी, मजकूर नंतर. कारण "एका जुन्या सरदार घराण्यातून मिळालेली" हे वाक्य एकदा डोक्यात शिरलं ना, की डोळे तेच शोधायला लागतात. साताऱ्यात आलेली वाघनखं घ्या. ईस्ट इंडिया कंपनीचा साताऱ्यातला अधिकारी ग्रँट डफ, त्याच्याकडून त्याच्या घराण्यात गेलेली आणि तिथून म्युझियमला मिळालेली, इतकी मोठी कागदी साखळी, तरी म्युझियम स्वतः लिहितं की अफझलखानाच्या वेळी वापरली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही. जगातलं एक मोठं संग्रहालय इतकं जपून बोलतं, आणि इकडे प्रोफाइलला फुलाचा फोटो लावलेला विक्रेता "१००% जेन्युइन महाराजांच्या काळातली" लिहून मोकळा. मजकुरात "मराठा स्टाइल", "मुघल टाइप", "व्हिंटेज" असे शब्द असले तर ते विकणाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी ठेवलेले असतात. व्हिंटेज म्हणजे अँटिक नाही. मराठा स्टाइलची तलवार मागच्या महिन्यात बनलेली असू शकते आणि उद्या तुम्ही भांडायला गेलात तर तो म्हणणार मी कुठे जुनी म्हणालो.

आता एक सोपी चाळणी, हिने निम्मा कचरा जातो. लिस्टिंग भारतातून आहे, वस्तू सतराव्या-अठराव्या शतकातली सांगितलीय आणि खाली लिहिलंय "शिप्स वर्ल्डवाइड". आपल्याकडे पुरावस्तू आणि कलावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, ते फक्त केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेली संस्था करू शकते. म्हणजे दोनच शक्यता राहिल्या, एक तर हा माणूस गुन्हा करतोय किंवा वस्तू जुनी नाहीच. बऱ्याचदा दुसरंच असतं, आणि गंमत म्हणजे असा विक्रेता कस्टम्ससाठी पुरातत्त्व खात्याचा "ही पुरावस्तू नाही" असा दाखला पण घेतो. परदेशात बसलेल्या मराठी मंडळींनी हे खास लक्षात ठेवा, अमेरिकेत नाहीतर दुबईत बसून भारतातल्या विक्रेत्याकडून "तीनशे वर्षं जुनं" मागवताय तर तुम्ही एक तर कायद्याच्या लफड्यात पडताय किंवा नवा माल जुन्याच्या भावाने घेताय. आणि भारतातल्या भारतात घेत असाल तर याच कायद्याखाली पुरावस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. नंबर विचारा. खरा डीलर लगेच देतो, दुसरा "सर आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू" म्हणतो.

आता लोखंडाकडे.

तलवारीचं वजन विचारा आणि ते सांगून नको, वजनकाट्यावर ठेवलेला फोटो मागा. वापरातली जुनी तलवार साधारण सातशे ग्रॅम ते अकराशे ग्रॅममध्ये बसते. दीड-दोन किलोची "युद्धातली" तलवार म्हणजे पट्टी कापून धार लावलेली असते, असलं जड धूड घेऊन कोणी घोड्यावरून वार करत नव्हतं. त्याहून महत्त्वाची पात्याची जाडी. कॅलिपर लावून तीन ठिकाणी मोजायला सांगा, मुठीजवळ, मध्ये आणि टोकाच्या चार बोटं आधी. हाताने ठोकून घडवलेलं पातं मुठीकडे पाच-सहा मिलिमीटर असतं आणि टोकाकडे कमी कमी होत दोन-तीनवर येतं, त्याच्यामुळेच तर तोल साधतो. बाजारातल्या पत्र्यातून कापलेलं पातं सगळीकडे एकाच जाडीचं. या एका मापाने जितके नकली पकडले जातात तितके दुसऱ्या कशाने नाही, आणि विक्रेता हे माप द्यायला टाळाटाळ करायला लागला की उत्तर तिथेच मिळालं.

मुठीची पकड पण मोजायला सांगा, परजेपासून (मुठीला पात्याच्या बाजूला असते ती आडवी पट्टी) वरच्या गोल वाटीपर्यंतची आतली जागा. जुन्या तलवारींची पकड आपल्याला छोटी वाटते, साडेसात-आठ सेंटीमीटर, चार बोटं कशीबशी बसतात, वाटी मनगटाला टेकते. नवीन माल बनवणारा आजच्या गिऱ्हाइकाचा विचार करतो म्हणून पकड ऐसपैस ठेवतो. मोठ्या पकडीच्या जुन्या मुठी नसतातच असं नाही, पण दहा सेंटीमीटरच्या वर गेली की बाकीच्या गोष्टी दुप्पट बारकाईने बघा. अजून एक, बऱ्याच हिंदुस्तानी तलवारींची धार थेट मुठीपासून सुरू होत नाही, सुरुवातीची बोटं-दोन बोटं जागा बोथट सोडलेली असते. नकली पात्यात पुष्कळदा हे दिसत नाही, ग्राइंडर मुठीपर्यंत फिरवलेला असतो.

मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथला क्लोजअप हा सगळ्यात कामाचा फोटो. आपल्याकडच्या तलवारीत पात्याची मागची शेपटी आखूड असायची, ती पोकळ मुठीत राळ किंवा लाखेसारखं काहीतरी गरम करून ओतून त्यात बसवायचे. त्यामुळे जुन्या वस्तूत त्या फटीत काळपट, ठिसूळ, थोडं चिरलेलं काहीतरी दिसतं, कधी पातं थोडं हलतं सुद्धा, आणि हलणं म्हणजे खराबी नाही. तिथे वेल्डिंगचा गोळा दिसला, वाटीच्या वर नट किंवा आटे दिसले, तर ती वस्तू सोडून द्यायची. राखाडी-पांढरट एपॉक्सी दिसलं तर मात्र घाई करू नका, पुष्कळ जुन्या तलवारी घरात कोणीतरी एम-सील लावून घट्ट केलेल्या असतात, त्याने वस्तू खोटी ठरत नाही, फक्त आता हे विचारायचं की ही मूठ याच पात्याची आहे का. पात्याची रुंदी आणि मुठीची खाच एकमेकांना बसतात का, का मध्ये भसकन फट आहे आणि ती पुट्टीने भरलीय.

गंजावर लोक जास्त भाळतात. "बघ ना किती गंजलीय, जुनीच असणार." अरे बाबा, तेजाब, मीठ, शेण आणि एक पावसाळा, एवढ्यात कुठलीही पट्टी शंभर वर्षांची दिसते. रंग बघा. नवा गंज नारंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा आणि सगळीकडे सारखा पसरलेला. जुना गंज गडद तपकिरी ते काळा, घट्ट, गुळगुळीत आणि असमान, जिथे म्यानाचं ओलं लाकूड टेकायचं तिथे खड्डे आणि जिथे तेलाचा हात फिरायचा तिथे जवळजवळ स्वच्छ. आता झीज बघा, ती हाताच्या वागण्याशी जुळली पाहिजे. पकडीच्या मधल्या फुगीर भागावरचं सोनं-चांदी गेलेलं आणि कोपऱ्याकाठांत, वाटीच्या खालच्या बाजूला शिल्लक, हे बरोबर. उलट जिथे बोट पोचतच नाही तिथलं काम घासलेलं आणि पकडीवरचं टकाटक, हे पॉलिश पेपरने केलेलं म्हातारपण.

सोन्याचं काम म्हणजे कोफ्तगिरी, आणि पैसे सगळ्यात जास्त इथे बुडतात म्हणून जरा थांबून सांगतो. खऱ्या पद्धतीत आधी लोखंडावर छिन्नीने बारीक आडव्या-उभ्या रेषा मारून पृष्ठभाग खरखरीत करतात, मग सोन्याची किंवा चांदीची तार त्यावर ठेवून ठोकून बसवतात आणि घोटतात. त्यामुळे सोनं जिथे उडालंय तिथे खाली त्या रेषांचं जाळं दिसायला हवं. मोबाइलला स्वस्तातली मॅक्रो लेन्स लावून काढलेला फोटो मागा, झिजलेल्या जागेचाच मागा, चांगल्या जागेचा नको. सोन्याखाली गुळगुळीत लोखंड निघालं तर तो रंग आहे किंवा इलेक्ट्रोप्लेटिंग. ब्रशचे फटकारे तर कधी कधी साध्या फोटोतही दिसतात.

पण रेषा दिसल्या म्हणून उड्या मारू नका. कोफ्तगिरी मेलेली नाही, उदयपूरला आजही सिकलीगर कारागीर हे काम करतात आणि अप्रतिम करतात. ते कारागीर कोणाला फसवत नाहीत, ते नवीन वस्तू नवीन म्हणून बनवतात, फसवणूक नंतर मधल्या हातांमध्ये होते. खरी एकोणिसाव्या शतकातली साधी लोखंडी तलवार घ्यायची, तिच्यावर नवीन सोनं चढवायचं, आणि विकायची दरबारी म्हणून. लोखंड तपासलं तर जुनंच निघतं, म्हणून जाणकार पण गोंधळतात. इथे एक युक्ती आहे, खड्ड्यांकडे बघा. गंजाने पडलेल्या खड्ड्याच्या वरून सोन्याची वेल न तुटता गेली असेल, किंवा खड्ड्याच्या तळाशी सोनं असेल, तर खड्डा आधी पडला आणि सोनं नंतर आलं. जुन्या कामात खड्डा सोन्याला तोडतो. घोड्याच्या, वाघाच्या, पोपटाच्या तोंडाच्या चांदी-सोन्याच्या मुठी दिसल्या तर ही परीक्षा आधी लावा, कारण त्यातला प्रचंड मोठा हिस्सा अलीकडचाच आहे.

जौहरदार पोलादाचं, म्हणजे ज्याला सगळे वूट्झ म्हणतात, त्याचं पण असंच एक वेड आहे. हे दक्षिणेतलं मुशीतलं पोलाद, त्यात पाण्यासारखी नक्षी धातूच्या आतूनच येते. नक्षी बारीक, विस्कळीत, कुठे गडद कुठे पुसट. आजकालचं "दमास्कस" म्हणजे दोन प्रकारचं स्टील थरावर थर ठोकून केलेलं, ठळक काळं-पांढरं, लाटा एकसारख्या, किचनच्या सुऱ्यांवर पण तेच मिळतं. आणि त्याच्याही खालची पायरी म्हणजे लेझरने नाहीतर अ‍ॅसिडने वरवर छापलेली नक्षी. पात्याच्या पाठीचा, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूचा, सरळ वरून फोटो मागा. नक्षी पाठीवरही उतरत असेल तर ती धातूत आहे, कडेला येऊन कापल्यासारखी थांबत असेल तर छापील. आणि वूट्झ नसली म्हणजे तलवार हलक्या प्रतीची असं मुळीच नाही, वापरातल्या बहुतेक तलवारी साध्या पोलादाच्याच होत्या.

पात्यावरची अक्षरं. "श्री भवानी", "जय शिवराय", शके अमुक, असलं दिसलं की आपला मराठी माणूस विरघळतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत आहे. अक्षराचं वळण बघा, आजच्या छापील पुस्तकातल्यासारखं देवनागरी, सरळ शिरोरेघ, एकसारख्या जाडीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या फॉन्टवरून उतरवलेलं. अक्षराच्या खाचेत काय आहे ते बघा, पातं काळवंडलंय आणि खाच आतून चकचकीत असेल तर ती कालची. टिंबाटिंबांनी कोरलेले जुने शस्त्रागाराचे मजकूर हा एक खास प्रकार आहे, बिकानेरच्या अनुपसिंहाने १६८९ ला अदोनी घेतलं त्या लुटीतल्या शस्त्रांवर तसे मजकूर आहेत आणि संग्राहक त्याला चांगले पैसे देतात. साहजिकच आता टिंबं कोरणारे पण आलेत, इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने. हाताने ठोकलेल्या टिंबाच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो, टिंबांची खोली कमीजास्त असते आणि आत पात्याइतकाच जुना काळेपणा असतो.

फिरंगी पात्यांवरच्या युरोपियन खुणा, कोयत्यासारख्या दोन दातेरी कमानी, धावणारा लांडगा, "अँड्रिया फेरारा" हे नाव, या बघून पण काही ठरवू नका. युरोपातून पाती आपल्याकडे खरंच भरपूर यायची, म्हणून तर फिरंग हे नाव. पण त्या खुणा त्याच काळात इथले लोहार सर्रास मारत होते, कारण गिऱ्हाइकाला त्या आवडायच्या. असदुल्लाह इस्फहानी या नावाजलेल्या इराणी कारागिराची सही तर इतक्या पात्यांवर आहे की एका माणसाने दोन जन्म घेतले तरी ती घडवून झाली नसती. यात आजचा फसवणारा कोणी असेलच असं नाही, तीनशे वर्षांपूर्वीची मार्केटिंग आहे ती, फक्त तुम्ही त्या सहीचे वेगळे पैसे मोजू नका.

मध्यंतरी एकाने पाठवलेलं लिस्टिंग सांगतो म्हणजे हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते कळेल. मजकूर: "१७व्या शतकातील मराठा सरदाराची सुवर्णजडित तलवार, दुर्मिळ", सुरुवात ९५,००० ला, पाच फोटो. पाचही फोटो लाल कापडावर, वरून, फ्लॅश मारून. त्यातल्या एकात मुठीजवळ पात्याच्या सपाट भागावर नखाएवढा उथळ खोलगट डाग दिसत होता, तिथेच फक्त धातू वेगळ्या दिशेने घासलेला. निर्यातीच्या मालावर तिथे "इंडिया" असा शिक्का असतो, तो घासून काढला की असाच खळगा राहतो. मग पकड मोजून मागितली, साडेदहा आली. पाठीचा फोटो मागितला, नाही आला. वजन "अंदाजे दोन किलो". सोनं मुठीवर पिवळं धमक आणि वाटीच्या खालच्या कडेला रंग ओघळून सुकलेला थेंब. बस. यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर कदाचित स्पष्टीकरण निघेल, पण सगळ्या एका वस्तूत आल्यावर काय राहिलं.

बाकी शस्त्रांबद्दल थोडक्यात. कट्यार असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि मधले आडवे दांडे जिथे जुळतात तिथे वेल्डिंग शोधा, आणि टोक जाड आहे का बघा, चिलखत फोडायला जुन्या कट्यारींचं टोक बऱ्याचदा जाड ठेवलेलं असतं, पत्र्यातून कापलेल्याचं तसं नसतं. दाबली की कात्रीसारखी उघडणारी किंवा पिस्तूल बसवलेली कट्यार बहुतेक वेळा हौसेच्या गिऱ्हाइकासाठी बनलेली, जुनी असली तरी रणांगणावरची नव्हे. दांडपट्ट्यात पातं लवचिक हवं आणि हातमोज्याच्या आतली आडवी पकड, अस्तराचे अवशेष यांचा फोटो हवाच, आतून कोरा करकरीत पत्रा निघाला की संपलं. वाघनखं ऑनलाइन घेऊच नका असं मी सरळ सांगतो, चार नखं आणि दोन अंगठ्या बनवायला कुठल्याही वर्कशॉपला एक दुपार पुरते आणि जुनी ओळखायला फोटो पुरत नाहीत. तोड्याच्या, म्हणजे वातीने बार उडवायच्या बंदुकीची नळी, कान (वात टेकवायचं छिद्र) आणि तोडा धरायचा चाप एकाच काळातले दिसतात का बघा, पितळी पट्ट्या आणि शिंपल्याचे तुकडे भरपूर लावलेली बंदूक बहुतेक भिंतीसाठीच असते.

डोळा तयार करायचा असेल तर फोन बाजूला ठेवून म्युझियम गाठा. पुण्यात केळकर संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरला नवा राजवाडा, नागपूरला मध्यवर्ती संग्रहालय, हैदराबादला सालारजंग. तिथे शस्त्राचं नाव वाचण्यापेक्षा त्याची पाठ, मुठीचे सांधे, झीज कुठे आहे हे बघत उभे राहा. लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांचे फोटो मापांसकट ऑनलाइन फुकट आहेत, ते बघून मग लिलावाचं पान उघडा, फरक आपोआप टोचायला लागतो.

आता किंमत. पहिली गोष्ट, कोणी किती मागतोय त्याला काही अर्थ नाही, कितीला गेली तेवढंच खरं. एखादी तलवार तीन वर्षं ४ लाखांना लिस्ट होऊन पडलीय, आणि दुसरा विक्रेता तिच्याकडेच बोट दाखवून "मार्केट रेट ४ लाख" म्हणतो. मोठ्या साइट्सवर "विकलेल्या वस्तू" असा फिल्टर असतो, तो लावा. लिलावगृहांचे जुने निकाल पण बघायला मिळतात, काही ठिकाणी नुसतं लॉगिन करून. ब्रिटनमधल्या छोट्या शहरांच्या लिलावात एकोणिसाव्या शतकातली साधी तलवार, सोनं नाही, लेख नाही, म्यान फाटलेलं, साधारण शंभर ते तीनशे पौंडांत जाताना दिसते. हा आकडा डोक्यात ठेवा. तसल्याच साध्या तलवारीला कोणी दोन लाख मागत असेल तर वरचे पैसे कशाचे, हे त्याने दाखवलं पाहिजे, तुम्ही कल्पना करायची नाही.

दुसरं, बोली म्हणजे किंमत नव्हे. समजा तीनशे पौंडांना हातोडा पडला. त्यावर खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे लिलावगृह तुमच्याकडून घेतं ते कमिशन, जे आजकाल बऱ्याच ठिकाणी पंचवीस ते तीस टक्क्यांच्या घरात असतं, २८ टक्के धरलं तर ८४ पौंड. ऑनलाइन बोली लावल्याचे अजून तीन ते पाच टक्के, ५ धरले तर १५. या दोन्हीवर ब्रिटनचा २० टक्के व्हॅट, म्हणजे जवळजवळ २०. झाले ४१९ पौंड, रुपयांत पन्नास हजारांच्या आसपास, आणि वस्तू अजून तिथेच आहे. पुष्कळ कुरिअर पातं म्हटलं की हात वर करतात, जे घेतात ते चांगले पैसे लावतात, मग विमा, मग आपली कस्टम ड्युटी. म्हणून उलटा हिशेब करायचा, घरी येईपर्यंत एकूण किती घालायचेत ते ठरवून त्यातून मागे मागे येत बोलीचा आकडा काढायचा, कागदावर लिहायचा आणि त्याच्या पुढे एक रुपया जायचं नाही.

खोट्या बोल्या ओळखायला बोलीचा इतिहास उघडा. ज्या अकाउंटची सगळी उठाठेव याच एका विक्रेत्याच्या वस्तूंवर आहे, शेवटच्या तासात बोली मागे घेतली जाते, किंवा विकली गेलेली तलवार "आधीच्या गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत" म्हणून पंधरा दिवसांनी परत लिलावात येते, तिथे किंमत घरच्याच माणसांनी चढवलीय. फोटो घेऊन इमेज सर्च पण मारा, तोच फोटो दुसऱ्या देशातल्या जुन्या लिलावाचा निघतो असं होतं. त्यावर साधा उपाय म्हणजे आजची तारीख कागदावर लिहून तो कागद पात्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगायचं. आणि विक्रेत्याने स्वतःच छापलेलं सोनेरी बॉर्डरचं "सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी" मोजू नका, त्याची किंमत कागदाएवढीच.

कायद्याचं अजून थोडं, कारण इथे पैशापेक्षा जास्त जाऊ शकतं. तलवार, भाला, कट्यार ही पण १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्यारंच आहेत, आणि त्यांना कुठे लायसन्स लागतं हे तुमच्या भागाच्या अधिसूचनेवर ठरतं. कुरिअरने तलवारी मागवल्या म्हणून आपल्याकडे पोलिसांनी कारवाई केलेली आहे. तेव्हा घ्यायच्या आधी आपल्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या, शक्यतो लेखी. तोड्याच्या बंदुकीला सूट तेव्हाच, जेव्हा ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकत नाही. परदेशातून मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी कस्टम्स एजंटशी बोला, बंदरावर अडकलेली तलवार सोडवणं हा वेगळाच उद्योग आहे. आणि हस्तिदंताची मूठ, गेंड्याच्या कातड्याची ढाल, यांच्या वाटेलाच जाऊ नका. वन्यजीव कायद्यात तो व्यापार बंद आहे आणि वस्तू कितीही जुनी असली तरी "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

वस्तू घरी आली की खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, न थांबवता, लेबल दिसेल असा. त्याच दिवशी जाडी, वजन, पकड परत मोजा आणि विक्रेत्याने दिलेल्या मापांशी ताडून बघा. लोहचुंबक लावा, सोन्याखाली लोखंडाऐवजी पितळ असेल तर कळेल. भिंग घेऊन खड्डे आणि सोनं तपासा. परत करायची मुदत साधारण थोड्याच दिवसांची असते, म्हणून पाहुण्यांना दाखवण्याआधी हे उरका. आणि हात शिवशिवले तरी ब्रासो, पॉलिश पेपर, चिंच काही लावू नका, घासलेली वस्तू कोणी परत घेत नाही, आणि खरी निघाली तर तिचा जुना काळपट थर हाच तिचा अर्धा भाव असतो. हलकं मशीन ऑइल मऊ कापडाने पुसून घ्या, म्यानातून बाहेर काढून कोरड्या जागी आडवी ठेवा, बस.